शाईखालची पेन्सिल

गुरुजी : नाही म्हणजे नाही, काशीबाई. त्या वहीतला एकही उखाणा आता मी कुणाला देणार नाही.

काशीबाई : अवो गुरुजी, उद्या लगीन हाय माझ्या ह्या भाचीचं, शकूचं! आणि सासरी ती आनंदीबाई बसलीय दार अडवायला. नवऱ्याची मावशी. चांगलं नाव घेतल्याबिगर नवरीला आत सोडीत नाय. गेल्या साली एक पोर दोन तास उंबऱ्याभायेर उभी होती. बँडवाले जेवून झोपले.

शकू : दोन नाय गो आत्या. एक तास.

काशीबाई : उद्या तू उभी रहा, म्हंजे मोजता येईल.

गुरुजी : शकू, कापडे गावच्या चांगूच्या मुलीनं काय करून ठेवलं, ठाऊक आहे ना तुला?

शकू : सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय, गुरुजी.

काशीबाई : मला नीटसं ठाऊक नाय. सांगा की.

गुरुजी : तुम्ही तिथेच होतात! पहिल्या ओळीत!

काशीबाई : तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

गुरुजी : तिनं वहीतला उखाणा उतरवून घेतला. तीन दिवस घोकला. नवऱ्याचं नाव धोंडू. आणि उंबऱ्यावर उभी राहून ती... जाऊ द्या.

शकू : ती म्हणाली, 'श्रीपतरावांचं नाव घेते'.

काशीबाई : सासऱ्यानं विचारलं, कोण हा श्रीपतराव? तर मागनं कुणी ओरडलं, पोलादपूरचे गुरुजी! वय वर्षं अडुसष्ट!

गुरुजी : तेव्हापासून मी महाडच्या वाचनालयात गेलेलो नाही. दोन पुस्तकं परत करायची आहेत, दंड चढतोय. पण एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, 'गुरुजी, एकच देऊ, की नवरीबाई पण हायेत?'

काशीबाई : गुणाचा हाय तो.

शकू : गुरुजी, मी नाव बदलून म्हणीन. माझ्या नवऱ्याचं नाव जानू. मी नाय विसरायची.

काशीबाई : नाव बदलून भागायचं नाय गो. आनंदीबाईला अख्खी वही पाठ हाय. नवरी 'चांदीच्या तबकात' म्हणाली, की ती म्हणते, 'बस, फुडचं मी सांगते.' वीस वर्षं तालुक्यातल्या समद्या पोरी त्याच तबकातनं चालल्यात. म्हणून तर आलो. नवा पायजे. तुम्ही चाळीस केलेत, एक्केचाळिसावा करा.

गुरुजी : असा लगेच होत नाही हो. मी नुकतंच एक पुस्तक वाचलंय, कल्पनाशक्ती वाढवण्यावरचं. त्यात स्पष्ट म्हटलंय, मन शांत हवं. एकांत हवा. पहाटेची वेळ हवी, आणि खिडकीतून बाग दिसत असली तर उत्तम.

काशीबाई : तुमच्या खिडकीतनं भिकूची म्हस दिसते.

गुरुजी : तेच म्हणतोय मी.

काशीबाई : मग म्हशीवर करा.

गुरुजी : म्हशीवर उखाणा? शोभत नाही ते. उखाण्याला तबक लागतं, केशर लागतं, गुलाब लागतो...

काशीबाई : आमच्या वाडीत चांदीचं तबक कुणी बघितलंय? केशराचा रंग कसा ते तरी तुम्हांला ठाऊक हाय?

गुरुजी : साधारण... केशरी.

शकू : गुरुजी, हे काय हो?

गुरुजी : वही घेतलीस? शकू, ठेव ती. ठेव खाली!

शकू : शाईच्या खाली पेन्सिलीनं काय तरी लिवलंय. उजेडात धरलं की दिसतं. पुसलंय, पण दाब उमटलाय.

काशीबाई : वाच गो. मोठ्यानं वाच.

गुरुजी : काशीबाई, कृपा करून...

शकू : वर शाईनं हाय, 'चांदीच्या तबकात केशराचे दूध, श्रीपतरावांचे नाव घेते, बुद्धी ठेवा शुद्ध.' आणि खाली पेन्सिलीनं, 'आंबेनळीच्या घाटात गाडी खाते हेलकावे, श्रीपतराव वाचत बसले, किती येळा बोलवावे!'

काशीबाई : ही तर सोना! ही आमची सोनाबाई बोलते!

शकू : तुमच्या बायकोचे हायेत हे, गुरुजी?

काशीबाई : आता कशाला खाली बघताय? बोला.

गुरुजी : सगळे तिचे आहेत. चाळीसच्या चाळीस. तिला लिहिता येत नव्हतं. हळदीकुंकवाला जायची, तिथे जागच्या जागी नवा उखाणा रचायची. घरी आल्यावर चुलीपुढे बसून मला सांगायची, मी पेन्सिलीनं टिपायचो. मग वाटायचं, हे असं चारचौघींत बरं दिसत नाही. शाईनं नीट करायचो. नीट करता करता तबक यायचं.

काशीबाई : आणि लोकांना सांगितलंत, मीच केले.

गुरुजी : सांगितलं नाही. कुणी विचारलं तर नुसता हसायचो.

काशीबाई : म्हंजे सांगितलंतच.

गुरुजी : हो. सांगितलंच. ती होती तेव्हा तिला गंमत वाटायची. म्हणायची, राहू दे, तुमची ऐट तरी होते. ती गेल्यावर खरं सांगायचा धीर झाला नाही. शकू, आता समजलं ना? मला एकही करता येत नाही. तुला मी काय देणार?

काशीबाई : यांना कधीच येत नव्हतं; मला आपलं वाटलं, मागनं शिकले असतील. सांगू हिला तुमच्या लग्नातलं?

गुरुजी : नको.

काशीबाई : ऐक गो. नवरदेवानं बायकोचं नाव घ्यायचं, तर हे खांबासारखे उभे. सोनाला दया आली. मुंडावळ्यांच्या आडनं तिनं आपलाच उखाणा हळूच सांगितला. यांनी जसाच्या तसा म्हटला, आणि शेवटाला 'श्रीपतरावांचं नाव घेतो'!

शकू : सोताचंच?

काशीबाई : सोताचंच! म्हणून म्हणते, त्या कापड्याच्या पोरीला हसू नका. ती तुमचीच शिष्या.

गुरुजी : हसतंय कोण, काशीबाई?

शकू : पण मग माझं काय? उद्या बारा वाजता अक्षता, संध्याकाळी उंबरा.

काशीबाई : तू कर.

शकू : मी? मला कुठं सुचतंय!

काशीबाई : सोना कुठनं आणायची? समोर दिसलं ते बोलायची. तू जानूला बघितलंस का कधी?

शकू : एकदाच. पोलादपूरच्या स्टँडवर. तो मुंबईहून आला होता, पांढरा टेरिलीनचा शर्ट घालून. मामाच्या देखत मला म्हणाला, गोटीचा सोडा पिणार? आणि अंगठ्यानं गोटी दाबली ती अशी, की समदा सोडा त्याच्याच अंगावर.

काशीबाई : अगोबाई! मग चिडला?

शकू : नाय ना. भिजलेला उभा ऱ्हायला आणि म्हणाला, 'एवढं थंड हाय म्हणून सांगत होतो.' मला हसू आवरंना. मामा डोळे वटारतोय आणि मी पदरात तोंड घालून खुसखुस...

गुरुजी : थांब. खुसखुस?

शकू : चुकलं का काय?

गुरुजी : नाही. सोडा कसा उडाला? आवाज कसा झाला?

शकू : फुस... फुसफुस. गुरुजी, थांबा हां. पोलादपूरच्या स्टँडवर... सोडा उडाला फुसफुस... जानूरावांचा शर्ट भिजला, मी हसले खुसखुस!

काशीबाई : आग लागो त्या तबकाला! म्हण परत!

गुरुजी : जरा थांबा. 'फुसफुस' हा शब्द मंगल कार्यात... त्याऐवजी 'झुळझुळ' केलं तर?

काशीबाई : गुरुजी!

गुरुजी : नाही, नाही. राहू दे. माझी सवय आहे ती. पण उंबरा राहिला. आत जायला मागायला नको का?

शकू : उंबरा... मावशी दारात... मावशी, आता वाट सोडा, नका करू धुसफूस!

काशीबाई : मेले मी! हे तिच्या तोंडावर म्हणशील?

शकू : ती दारात उभं करणार मला, आणि मी तिला घाबरू?

गुरुजी : शकू, एक विनंती. हे वहीत लिहायचं नाही. माझा हात लागायच्या आत घरी जा.

(चार दिवसांनी. गुरुजींच्या घराची तीच ओटी. शकू सासरी गेलेली. काशीबाई एकटीच आलेली.)

गुरुजी : या, या. पाणी देतो. नाही, आधी सांगा. किती वेळ उभी होती?

काशीबाई : आधी पाणी द्या.

गुरुजी : छळू नका हो. चार दिवस वाचनात लक्ष नाही माझं.

काशीबाई : तर पोरगी उभी ऱ्हायली उंबऱ्याशी. आनंदीबाई कमरेवर हात ठेवून आडवी. म्हणाली, 'चल, काढ तबक.' शकूनं मान वर केली आणि घेतलं नाव. सोडा, शर्ट, धुसफूस, समदं. मांडव हसून लोळला. जानूचं तोंड लाल.

गुरुजी : आणि आनंदीबाई?

काशीबाई : हसली नाय. म्हणाली, 'परत म्हण.' पोरीनं परत म्हटलं. 'आणखी एकदा.' तिसऱ्यांदा म्हटल्यावर विचारलं, 'कुणाचा हा? गुरुजींचा?' शकू म्हणाली, 'माझा.' तशी बाजूला झाली आणि हाताला धरून आत घेऊन गेली.

गुरुजी : झालं. सुटलो.

काशीबाई : कसले सुटताय? रात्री माझ्याजवळ येऊन बसली. तुम्हांला ठाऊक हाय का, ती सोनाच्या माहेरची? शेजारची. हळदीकुंकवाला सोनाचे समदे उखाणे तिनं सोनाच्याच तोंडनं ऐकलेले. म्हणाली, 'गुरुजींनी त्यांना इस्त्री मारून ठेवलीय. सोना कुठं ऐकूच येत नाय. म्हणून मी परतवते पोरींना.'

गुरुजी : असं म्हणाली?

काशीबाई : मी पेन्सिलीचं सांगितलं, तर जेवायला बोलावलंय तुम्हांला. गुरुवारी. पेन्सिलीचं वाचून दाखवायचं. पण सांगितलंय, उंबऱ्यात अडवणार. सोनाचं नाव घेतल्याबिगर आत नाय. आणि या खेपेला कानात सांगायला कोण नाय.

गुरुजी : मला घाम फुटलाय बघा आत्ताच.

काशीबाई : चार दिवस काय करत होतात? नुसते म्हशीकडं बघत?

गुरुजी : म्हशीवर नाही जमलं. दुसरं एक... पण तुम्ही हसाल.

काशीबाई : हसणारच. म्हणा.

गुरुजी : पेन माझा, वही माझी, शाई माझी निळी... सोनाबाई बोलत गेली, मी पाडल्या ओळी.

काशीबाई : निळी आणि ओळी? आनंदीबाई धरील तुम्हांला.

गुरुजी : धरू दे. नाव तरी तिचं घेतलं.

काशीबाई : घेतलंत खरं. आता लिवून ठेवा, गुरुवारपर्यंत विसराल. हा घ्या तुमचा पेन.

गुरुजी : पेन नको, काशीबाई. तिथली पेन्सिल द्या.