अपूर्णांक नेमके कोणी शिकवायचे?

मदत करायला आलेल्या माणसाचाच लोकांना आधी संशय येतो, हे मला चांदवडजवळच्या एका शाळेत कळलं बघा. पहिली ते सातवीच्या गणितात कोणत्या वर्गात काय शिकवायचं, हे शिक्षकांसोबत बसून नीट जुळवून द्यायचं, एवढंच माझं काम होतं. पण मी खुर्चीवर टेकायच्या आतच चौथीच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, खरं सांगा, आमची तक्रार कोणी केली?"

"कोणीच नाही हो. मला फक्त सांगा, मुलांना अपूर्णांकाची ओळख कोण करून देतं?"

बाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे वर कळवणार का?"

"नाही, बाई."

"मग सांगते. ते पाचवीत होतं. आम्ही भागाकारावर जोर देतो."

शेजारी बसलेले पाचवीचे सर एकदम ताठ झाले. "पाचवीत? ओळख चौथीत झालेली असते! मी सरळ बेरजेपासून सुरू करतो."

म्हणजे पाव आणि अर्धा म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणीच शिकवलं नव्हतं. मी वैतागून म्हणाले, "अहो, तुमचे वर्ग शेजारीशेजारी आहेत. तुम्ही दोघं एकमेकांशी कधी बोलतच नाही का?"

समोर बसलेले मुख्याध्यापक उठून हळूच माझ्या कानाशी आले. "मॅडम, ते नवराबायको आहेत."

बाईंचा माझ्यावरचा संशय तिथेच संपला. आता त्या सरांकडे रोखून बघत होत्या.

"म्हणजे रोज जेवताना 'खालून कच्ची पोरं येतात' म्हणता, तो टोमणा मला असतो होय?"