ओजसचा नंबर कितवा?

चहा येईपर्यंत एक ऐका. परदेशातून शिकून आल्यापासून मी आमच्या पेठेतल्या बास्केटबॉल क्लबच्या मागे लागलोय. तरुण खेळाडूंना इथे मान मिळत नाही, म्हणून ते सोडून जातात. आमचा ओजसही खराडीच्या एका क्लबात जायच्या बेतात होता. मग परवा मी त्याला घेऊन थेट क्लबच्या अध्यक्षांकडे, आप्पांकडे गेलो.

"आप्पा, क्लबच्या आजवरच्या खेळाडूंत ओजस पहिल्या पाचांत येतो. त्याचा फोटो या भिंतीवर लागलाच पाहिजे!"

"पाचांत? येईल की. पाचवा धरा."

इतक्या सहज? मी हुरळलोच. "मग लावायचा कधी?"

"अहो, तुम्ही शिकलेले ना? भिंतीकडे नीट बघा जरा."

बघितलं. तीन फोटो होते आणि तिन्हींना चंदनाचे हार.

"आपल्याकडे माणूस गेल्याशिवाय फोटो लागत नाही. चौथा नंबर माझा, आणि मीच अजून ताटकळतोय. याला एवढी घाई आहे का?"

मी गुणवत्तेच्या सन्मानावर बोलणार, तेवढ्यात ओजस आप्पांच्या पायाच पडला.

"नाही हो आप्पा, आधी तुम्ही! तोवर मी इथेच खेळतो."