टेंपो ठरला

...आणि वर मलाच विचारतात, चूक कुणाची? माझीच. एक शब्द लिहायला विसरलो मी, झालं समाधान?

तुम्हाला सांगतो, आमचं गाव गंजाड, घरचे चिकू. इतकी वर्षं बाबा टेंपोवाल्या सुनिलला फोन करायचे, तो "येतो" म्हणायचा आणि यायचा. एवढं सरळ चाललेलं बघवतं का आपल्याला? मी पडलो प्रोग्रामर, डहाणू रोडला खोली घेऊन पुण्याच्या कंपनीचं काम करतो. कंपनीनं काढलं टेंपो ठरवायचं अ‍ॅप. शेतकऱ्यानं बटण दाबलं की त्याचा मोबाइल सर्व्हरला सांगणार, सर्व्हर सुनिलच्या मोबाइलला विचारणार. आमच्या निलम मॅडम म्हणजे... "मनिऽष, असिंक्रोनस लिहायचं हं. कॉल केला की थांबायचं नाही, पुढच्या कामाला लागायचं. उत्तर येतं मागून."

लिहिलं. बाबांनाही तेच शिकवलं. ते इतके खूश, की बाजारात दिसेल त्याला धरून, "आमच्या पोऱ्यानं केलंय." मग दाबलं बटण. हिरवी खूण, 'टेंपो ठरला'. थांबले नाहीत, पुढच्या कामाला लागले... बत्तीस क्रेट चिकू उतरवले, धुतले, भरले, रस्त्याकडेला रचले आणि शेजारी बसले.

आता ऐका. सर्व्हरनं थांबायचं नसतं, पण ज्या ओळीला उत्तर हवंय तिनं थांबायचं असतं, त्यासाठी 'अवेट', म्हणजे 'थांब', लिहितात. मी नाही लिहिलं. मग काय होतं? कॉल जातच नाही! हातात येते नुसती कॉल करायची तयारी, आणि प्रोग्रामनं विचारलं "मिळालं का काही?" तर ती तयारीच म्हणते, "हो." लागली हिरवी खूण. प्रोग्रामच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, इशारा येत होता, बरं का... पण मी कशाला बघतोय, मी लागलो होतो पुढच्या कामाला.

सुनिल बिचारा तलासरीला कुणाचं तरी वऱ्हाड पोचवत होता. त्याला पत्ताच नाही. दोन दिवस बाबा रस्त्यावर. येणारा-जाणारा विचारतोय, "काय, पोऱ्याचा टेंपो आला का?" चिकूला बोट लावलं की बोट आत. मी ओरडलो, "अहो, फोन करायचा ना सुनिलला!" तर म्हणाले, "तूच सांगितलंस, उत्तर येतं मागून." लाज वाटली हो मला, खरंच वाटली.

शब्द घातला. अ‍ॅप आता मस्त चालतं. मॅडम खूश. बाबा सुनिलला फोन करतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी धीर करून विचारलं, "बाबा, राग गेला का?"

क्रेट पुसता पुसता, वरसुद्धा न बघता म्हणाले, "विचारलंस ना? थांबू नको. पुढच्या कामाला लाग."

नऊ दिवस झाले. थांबलोय.