लीडरला पाणी वाह्यला लावलं

…आन वर मलाच विचारतात, "कोणाला विचारून केलं?" कोणाला विचारून म्हंजे? तुम्हीच सांगा, हंगाम कोणी काढला? मी. तळाला बसलेली टीम वर कोणी ओढली? मी. मंग विचारायचं कोणाला, त्या माऊसला? मॅनेजर कोण? मी!

तशी मी कमी बोलणारी हाय. लग्नाला वरीस व्हायचंय, आन सासरी मी जेवढं बोलले तेवढं एका पोस्टकार्डावर मावंल. पण आज विषय निघालाच हाय तर ऐकाच…

आमच्या ह्यांचा बदनापूरला स्टेशनच्या रस्त्याला कॉम्प्युटरचा क्लास हाय. क्लास म्हंजे आमच्या घराचीच पुढची खोली. कॉम्प्युटर तीन. एक चालू, एक "दुरुस्तीला न्यायचाय", आन तिसऱ्यावर सासूबाईंनी विणलेला रुमाल, रुमालावर दत्ताचा फोटो, फोटोला रोज हार. पोरं सकाळी न संध्याकाळी येतात, दुपारी खोली मोकळी. आता दुपारी बायका यायच्या बरं का चौकशीला! पार वडीगोद्रीहून एक आल्ती, माहेरपणाला आलेली. दारातूनच विचारायच्या, "मॅडम हायत का शिकवायला?" हे म्हणायचे, "मी हाय ना." की बायका पदर सावरून परत. आन मॅडम कुठं? मॅडम आत भाकरी थापून राह्यली! जालन्याला कोर्स केलेली, सर्टिफिकेट ट्रंकेत घडी घालून ठेवलेली मॅडम! एकदा हळूच म्हणलं, दुपारची बायकांची बॅच मी घेऊ का? ह्यांनी सासूबाईंकडं बघितलं, सासूबाईंनी दत्ताकडं बघितलं, आन म्हणल्या, "सून खुर्चीत आन लोक पुढं? बिलकुल न्हाई." झालं. दत्त काही बोलले न्हाईत.

मंग तो गेम आला. ह्यांचे दोस्त इनायतभाई, त्यांनी औरंगाबादहून सीडी आणली. सायकलच्या शर्यतीचा गेम. मला वाटलं, बटण दाबलं की सायकल पळती. छे! सायकल आपण चालवायचीच न्हाई! चालवणारे वेगळे. आपण मॅनेजर. कोणी कधी पळायचं, कोणी कधी दम खायचा, कोण आजारी, कोण रुसला, कोणाला कोणत्या शर्यतीला न्यायचं, हे बघायचं. वरीसभर शर्यती, दर शर्यतीचे गुण, आन हंगामाच्या शेवटी वीस टीमांमधी आपला नंबर कितवा ते कळायचं. म्हंजे स्वतः पायडल मारायचं न्हाई, पण घाम आपल्याला. आता याला गेम म्हणावं का संसार?

मी चहा घेऊन जायचे तवा मागं उभी राहून बघायचे. कप देऊन लगेच वळायचं असतं, पण मी जरा हळू वळायचे. तर त्या टीमीत एक लीडर असतो. जिंकायचं ते त्यानं. बाकीचे कशाला? तर त्याच्यापुढं राहून वारा तोडायचा. मागून येणाऱ्या टीमच्या गाडीपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या अंगरख्यात कोंबायच्या, परत पळत येऊन लीडरला द्यायच्या. लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं चाक काढून द्यायचं न आपण रस्त्याच्या कडंला उभं राह्यचं! मंग लीडर दोन्ही हात वर करून जिंकणार, त्याला फुलं, त्याचा फोटो… आन हा पाणी वाहणारा येणार सगळ्यात मागून, तवर मांडवसुदिक सोडलेला. मी कप हातात धरून बघतच राह्यले. म्हणलं, अगं बाई… ही तर सून हाय!

आमच्या ह्यांची मॅनेजरी म्हंजे काय सांगू! शर्यत सुरू झाली न झाली की "अटॅक!" म्हंजे सुटा घोळक्यातून पुढं! घाट यायच्या आधी अटॅक, घाटात अटॅक, उतारावर अटॅक. निम्म्या रस्त्यात सगळी टीम जीभ बाहेर काढून पडलेली. उन्हाळ्यापातूर टीम विसावी. विसातली विसावी! आन मंग दोष कोणाला? "गेमच खराब हाय. इनायतनं डुप्लिकेट सीडी आणली."

मी म्हणलं, फार हळू म्हणलं, "त्या पाणी वाहणाऱ्याला जरा जपून वापरलं तर…"

हे फर्रकन वळले. "तुला काय कळतं? सायकलीची टीम चालवणं म्हंजे वरणाला फोडणी देणं न्हवं!"

"अहो, तुम्ही फोडणीबी जाळताच की," असं मी म्हणले. मनात. तोंडानं म्हणले, "मंग मी चालवून बघू का?"

ते हसले. खुर्चीवरून उठले, जल्दी उठले, अंगावरचं काढून टाकावं तसे. "घे. चालव. पहिल्या दहात आणून दाखव, बायकांची बॅच तुझी. मंग आईला मी बघून घेतो." इनायतभाई तिथंच बसल्ते, म्हणले, "भाभी, मैं गवाह." आता बोला! साक्षीदार बराबर बसलेला. त्या घडीपासून मॅनेजर कोण? मी!

पहिलं काम काय केलं, तर नावं बदलली. त्या फ्रान्सकडच्या गड्यांची नावं माझ्या तोंडात बसंनात, रागवायचं तर कसं रागवायचं? तर त्या गेममधी नाव खोडून दुसरं लिहिता येतं. लीडरला दिलं आमच्या ह्यांचं नाव. ते नाव मी घेत न्हाई, पण टायपिंग केलं तर चालतं, लिहिणं म्हंजे घेणं न्हवं. सारखा पुढं पळून मंग धापा टाकत मागं पडणारा एक होता, त्याला आपोआपच माझ्या दिराचं नाव सुचलं, मच्छिंद्र. त्यानं आतापातूर तीन धंदे असेच केले. आन तो पाणी वाहणारा? त्याच्यापाशी येऊन माझं बोट थांबलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात लिहिलं 'उषा', आन पेढे वाटले. झाली मी उषा. आधीची बेबीनंदा कुठं गेली, कोणी विचारलं न्हाई. तांदूळ हलवले, गेली. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात केला म्हणा ना! आन इथं बघते तर नाव बदलणं तेवढंच सोपं, खोडा न लिहा. मंग मीबी लिहिलं. पाणी वाहणारा गडी: बेबीनंदा.

आता त्या गड्याला मिशा होत्या. असू द्या.

दुपारी भांडी झाली की मी खुर्चीत. पहिल्या दिवशी सासूबाई आल्या बघायला, की सून काय करून राह्यली. पडद्यावर पोराचं नाव दिसलं. झालं! तिथंच पाट टाकून बसल्या. "अगं, धर्मराज मागं का राह्यला?" आता हे नाव मी घेतलं न्हाई हां, सासूबाईंचं बोलणं सांगितलं. "त्याला खायला घातलं का? किती वाळलं बघ माझं लेकरू! आन ह्या मच्छिंद्राला कशाला एवढं पळवती, सर्दी हाय त्याला!" म्हणलं, आत्याबाई, तो कॉम्प्युटरमधला मच्छिंद्र हाय. "मंग काय झालं, नाक तर तेच!"

दोन आठवड्यांत त्या दत्ताला म्हणायच्या, "देवा, आज घाट हाय, संभाळ."

आन मी काय केलं? काही न्हाई. ह्यांनी जे केलं ते केलं न्हाई, बस. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. मी न माझी मैत्रीण तुळजा सायकलीवर शाळंत जायचो. वारा समोरून असला की एक पुढं, एक तिच्या चाकाला चिकटून मागं. पुढची दमली की मागची पुढं. आम्हाला कोणी मॅनेजर न्हवता, तरी दोघी येळंवर पोचायचो. तेच मी केलं. लीडरनंबी वारा तोडायचा, बाकीच्यांनीबी दम खायचा. बेबीनंदाला दर चार शर्यतींमागं एक शर्यत सुट्टी. सासूबाई म्हणल्या, "ह्या बेबीला कशाची सुट्टी?" म्हणलं, माहेरी गेली.

अठरावी… पंधरावी… तेरावी… टीम सरकाया लागली. हे जाता-येता बघायचे. निस्ता चहा जास्त मागायचे. मी खेळत असले की हमखास मागायचे. मी द्यायचे, पण खेळ थांबवून न्हाई, शर्यत संपवून. मॅनेजर कोण? मी!

आन आली शेवटची शर्यत. आम्ही अकरावे! गडी पहिला आला तरच दहात. आन तुम्हाला सांगते, माझा लीडर काही केलं तरी जिंकना. का? तर समद्या टीमा त्याच्यावर डोळा ठेवून. तो जरा उठला की सगळा घोळका मागं. मी खूप इचार केला. मंग त्या घोळक्याकडं बघता बघता एकदम उजाडलं… ह्या पाणी वाहणाऱ्याकडं कोणीच बघत न्हाई! तो पुढं गेला काय, मागं गेला काय, लोकाला वाटतं गेला असंल बाटल्या आणाया! अहो, मी भरल्या पंगतीतून उठून पार परसात जाऊन येते, कोणाला पत्ता नसतो!

मंग मी काय केलं, दार लोटलं, पदर खोचला, आन लीडरला हुकूम दिला: मागं जा, गाडीपाशी जा, पाणी आण. समद्यांसाठी!

लीडर गेला मागं. सगळा घोळका सुस्तावला, की हा पाणी आणतोय म्हंजे आज काही खरं न्हाई. आन तिकडं बेबीनंदा… निघाली! घाटाच्या पायथ्याला एकटी! एक वळण, दुसरं वळण, मागं कोणी न्हाई…

सासूबाई किंचाळल्या, "अगं! धर्मराज बाटल्या वाहून राह्यला! माझ्या लेकराला पाणी वाह्यला लावलं!" ती आरोळी ऐकून हे आले पळत, मागून खरा मच्छिंद्र. हे म्हणले, "उषे, काय करून राह्यली? लीडर हाय तो!" आन तेवढ्यात गेली लाईट! लोडशेडिंगला अवकाश होता, पण तिला कोण विचारणार? टेबलाखालच्या बॅटरीवर पडदा चालू, आन ती बॅटरी टूं… टूं… टूं… बोंबलाया लागली. हे माऊसला हात घालाया लागले, "मला दे, मी अटॅक करतो!"

आन मी… मी कमी बोलणारी बरं का… मी ह्यांचा हात बाजूला केला न म्हणले, "मॅनेजर कोण?"

टूं… टूं… टूं…

मी पडद्याकडं बघितलं, तर घोळक्याला आत्ता कळलं, की ती बाटल्या आणाया गेलीच न्हाई! पळाले समदे मागं. अंतर कमी, कमी, अजून कमी… आन सासूबाई पाटावरून उठल्या. मला वाटलं आता पोराचं नाव घेणार. तर दोन्ही हात वर करून ओरडल्या, "पळ गं बेबे! मागं बघू नको! पळ!"

आली. पहिली आली, मिशांसकट. पडद्यावर 'बेबीनंदा', वरती, खाली सरकवायचं काम न्हाई. मी जिंकलेलं ठेवून द्यायचं बटण दाबलं, आन बॅटरीनं मान टाकली.

संध्याकाळी लाईट आली तवा सगळ्यांनी बघितलं. टीम दहावी. हे म्हणले, "कोणाला विचारून मला पाणी वाह्यला लावलं?" म्हणलं, तुम्हाला कुठं, लीडरला. इनायतभाईंना बोलावून घेतलं. ते पडदा बघून म्हणले, "दोस्त, जबान दी थी." आन दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बायकोचं, कमरुन्निसाभाभींचं नाव बॅचला घातलं.

सोमवारी बॅच सुरू. समोर चार बाया. मी खुर्चीत! दत्ताचा फोटो सासूबाईंनी स्वतः उचलून भिंतीला लावला, रुमाल झटकला, आन त्याच कॉम्प्युटरपुढं पहिल्या नंबरला बसल्या, "मलाबी शिकव. पण ह्या मशीनीत बेबी हाय का?" म्हणलं, हाय, समोरच हाय. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणल्या, "उषे, आधी पाणी आण गं."

चारी बाया माझ्याकडं बघाया लागल्या. मी अर्धी उठलेसुदिक! वरसाची सवय, पाय आधी उठतात. पण मंग बसले. दाराकडं बघितलं, आन म्हणले, "अहो… पाणी."

हे गेले. खरंच गेले! जरा येळानं आतून आवाज, "अगं, ग्लास कुठं असतात?" जन्म गेला ह्या घरात! मी खुर्चीतूनच सांगितलं, मांडणीवर, डाव्या हाताला, पालथे. "आन माठ?" जिच्यावर रोज डोकं आपटता त्या खिडकीखाली. धाडकन काहीतरी पडलं. मी उठले न्हाई.

आले हे. ग्लास सापडलाच न्हाई, न्हाणीतल्या मगात पाणी घेऊन आले. सासूबाईंनी मग घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले, आन म्हणल्या, "अगं बाई… माझ्या लेकरानं आणलेलं पाणी कसं गोड लागून राह्यलं!" आन चारी बाया माना डोलवून राह्यल्या!

वरीसभर घासलेल्या ग्लासात देऊन राह्यले मी, कोणी चव सांगितली न्हाई.

आता तुम्हीच मला सांगा… माठ कोणी भरल्ता?