आईच्या गुडघ्यांसाठी कारपेट

नगरहून श्रीगोंद्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या मध्ये नव्या घरासाठी घेतलेल्या कारपेटची गुंडाळी उभी होती.

"कटपीस हाय म्हनून एवढ्या पैशात बसलं. अख्खं घेतलं असतं तर पडदे राह्यले असते."

"पन एका बाजूनं दीड हात कमी पडतंय, धनश्री."

"पडू द्या. कुठली बाजू उघडी ठेवायची, तेवढं ठरवा."

"दाराकडची ठेवू."

"अवं, वास्तुशांतीला समदी दारातूनच येनार. पहिलं तेच दिसंल."

"मग टीव्हीकडची."

"फोटो तिथंच काढत्यात सगळे."

"खिडकीकडची?"

"तिथं माझे दादा बसनार. त्यांच्या घरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हाय."

"मग राहिली आतली भिंत."

"ती चालंल. तिकडं कोन बघतंय?"

"अगं, तिथं आई बसती."

"व्हय की."

"फरशी गार लागती, गुडघं धरत्यात, म्हनून आईसाठीच कारपेट घ्यायचं ठरलं हुतं ना?"

"मग घेतलं की! त्यांच्याखाली गोनपाट टाकू, दुहेरी करून. त्यांना सवय हाय त्याची. तुमी आधी फोन लावा त्यांना. खूश हुतील."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मग फोन लावला.

"आई, तुझ्यासाठी कारपेट घेतलं बघ. व्हय, लई मऊ हाय. आन ऐक, ते जुनं गोनपाट टाकून देऊ नको."