हजेरीच्या क्रमाने वाचलेली चौदा कार्डे

पुरवणी जबाब, दि. ११/११/२०२५, दुपारी ४.१०

नाव अनसूया हरी कर्णिक, वय ६९ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका, रा. दहिवली, ता. कर्जत, जि. रायगड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा हर्षद याच्यासोबत राहते. खालापुरातील एका शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. काल मी गिफ्ट कार्डांच्या फसवणुकीची तक्रार दिली. मोबाइल दुकानदार मुझम्मिल शकूर याने मला कार्डे घेण्यास भरीस पाडले, असे मी त्यात सांगितले. ते खोटे आहे. ते दुरुस्त करायला मी आपणहून आले आहे.

दि. ६ रोजी दुपारी जेवण उरकून मी खाटेवर पडले होते. डोळा लागत होता. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला, "बाई, अनुपम बोलतोय. ओळखलंत का?" अनुपम नावाचा माझा विद्यार्थी होता, खिडकीशी बसून बाहेर बघणारा. मी "ओळखलं" म्हणाले. आवाज ओळखीचा नव्हता. पण कोणी बाई म्हटले की मी अजून ताठ बसते.

तो म्हणाला, वर्गातले चौदा जण रविवारी पळसदरीच्या धरणावर जमणार आहेत, प्रत्येकाला तुमच्या हातून गिफ्ट कार्ड द्यायचे, पैसे तिथेच देतो.

चार वाजता मी मुझम्मिलच्या दुकानात गेले. तोही माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, फोनवर कोण कार्डं मागत असंल तर घेऊ नका. लोक फसवतात हो. हर्षददादाला तरी इचारा." मी त्याला सांगितले, "मला शिकवू नकोस. कार्डं काढ." त्याने मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले आणि नाइलाजाने कार्डे काढली.

घरी येऊन मी प्रत्येक कार्डावर त्या वर्गातल्या एकेकाचे नाव आठवून लिहिले. पुन्हा फोन आला. कार्डे आधी चालू करावी लागतात, खरवडून नंबर वाचा, असे तो म्हणाला. मी हजेरीच्या क्रमाने नाव घ्यायचे, मग नंबर वाचायचा. प्रत्येक नंबरानंतर तो म्हणायचा, "हजर, बाई." बाहेर ऊन कलत होते. घरात खडूचा वास येतो आहे असे वाटले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले, तर मी वाचता वाचता नजर वर केली. समोर कपाट होते. त्या अर्ध्या तासात मी फार सुखात होते, हे लिहून घ्यावे.

रविवारी ठेवणीतली साडी नेसून मी पळसदरीला गेले. धरणाच्या भिंतीवर बसले. पाणी हलत नव्हते. फिरायला आलेली माणसे जवळून गेली की मी त्यांच्या चेहऱ्यात लहानपण शोधत होते. साडेपाचपर्यंत कोणी आले नाही. फोन बंद लागला.

घरी हर्षद म्हणाला, "आई, तुला एवढंही कळू नये?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तोंडातून मुझम्मिलचे नाव निघून गेले आणि काल इथेही तेच सांगितले.

आज सकाळी साहेबांनी मुझम्मिलला माझ्यासमोर विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई सांगतात तसंच असंल." साहेबांना ती कबुली वाटली आणि त्यांनी त्याला ठाण्यातच बसवून ठेवले. ती कबुली नाही. बाईंना उलट बोलायचे नाही, हा नियम वर्गात मीच केला होता. चाळिशीला आलेला हा माणूस तो अजून पाळतो.

फोन करणाऱ्या इसमाविरुद्ध भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४), ३१९(२) व माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६ड खाली माझी तक्रार कायम आहे. मुझम्मिलविरुद्ध काही तक्रार नाही, त्याला सोडावे. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे मला समजावून सांगितले आहे. ती खुशाल करावी.

हा जबाब हवालदार हर्षला मॅडमनी मोठ्याने वाचला. माझ्या विनंतीवरून मुझम्मिललाही ऐकू दिला. मी उभ्याने ऐकला, मी सांगितला तसाच आहे. वाचून झाल्यावर मुझम्मिल माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमी चुकलात." तेही खरे आहे. ते लिहून घेतल्यावर मी सही केली आहे.