सत्तावीस पोती वेल

मूळ मी साताऱ्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, समुद्र पाहिला तो चेन्नईला नोकरीला आल्यावर. ओरगडमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळे मोजायची सवय. घर किनाऱ्याजवळ घेतलं ते बायकोसाठी, ती देवगडची, तिला खारा वारा लागतो. मग मी दर रविवारी सकाळी वाळूत शंभर पावलं चालतो आणि वहीत लिहितो, खेकड्यांची बिळं किती, टिटव्या किती, जांभळ्या फुलांची वेल कुठवर आली. बायको म्हणते, खेकड्यांची हजेरी घेता, पगारही देणार का.

काय सांगू तुम्हाला, चूकही माझीच. इकडे भोगीला घरातलं जुनंपानं बाहेर काढतात, तर गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं ठरवलं की किनाराही साफ करू, आणि पुढाकार माझा, प्लास्टिक उचला म्हटलं, आणि ती वेलही उपटा, तिच्यात कचरा अडकतो. सत्तावीस पोती वेल निघाली, आकडा मीच फळ्यावर लिहिला, टाळ्या झाल्या. पुढच्या रविवारी बिळं मोजतो तर एकशे बेचाळीसची अडतीस. वाळू मोकळी होऊन उडायला लागली, ती थेट सेल्वी अक्काच्या झोपडीत, ही तिथली मासे विकणारी. ती म्हणाली, सार, स्वतःचं घर झाडायचं सोडून समुद्राचं घर मोडलंत, आता माझ्या भातात वाळू आहे, ती पण मोजा.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, अहो, ती मर्यादवेल, वाळू धरून ठेवते, आमच्याकडे पोरंटोरं सांगतील, मला विचारायचं तरी. मी म्हटलं, तू भोगीची भाजी करत होतीस. ती म्हणाली, हो, माझीच चूक.

अक्काच्या झोपडीमागे वेल उरली होती, तिथून चाळीस तुकडे आणून लावले, उन्हाळ्यात सगळे गेले. ऑक्टोबरच्या पावसात पुन्हा चाळीस, अक्कानं शिकवलं, सार, खिळ्यासारखे उभे नका ठोकू, आडवे पुरा, पेरापेराला मुळं फुटतात. एकतीस जगले.

यंदाच्या भोगीला सोसायटीनं विचारलं, पोती किती, मी म्हटलं, दोन, फक्त प्लास्टिक. बिळं सत्त्याण्णव झालीत, अजून पंचेचाळीस कमी आहेत, मी विसरलेलो नाही. त्याच सकाळी वेलीला पहिलं फूल आलं. अक्का टोपली उतरवून बघत राहिली आणि म्हणाली, नल्ला इरु, सुखी राहा. मला म्हणाली की वेलीला, ते मी विचारलं नाही.